पाण्याकाठची काठी

ताईची मुलगी पुण्याची नोकरी सोडून घरी आली आहे. दिवसभर झोपते, कुणाशी बोलत नाही. काल ताईचा फोन आला. म्हणाली, "तुलेच समजंल. तूच बोल तिच्याशी." एरवी मी लगेच तिला काय काय सांगायचं याची यादी करायला बसले असते. काल मात्र भामरागड आठवलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तहसीलदाराच्या परीक्षेचा माझा तिसरा प्रयत्न. नागपूरच्या खोलीत भिंतीवर वेळापत्रक होतं: झोप साडेचार तास, जेवण वीस मिनिटं. रडायला त्यात जागा नव्हती, तरी रोज रडू यायचं. राजुऱ्यात बाबांचं शिलाईचं दुकान. 'आमच्या तहसीलदारीणबाई' असंच ते गिऱ्हाइकांना माझ्याबद्दल सांगत.

ताई तेव्हा भामरागडला नर्स होती. माझी दशा पाहून तिने मला थोडे दिवस तिथे नेलं. चौथ्या दिवशी पुलावर पाणी चढलं, रस्ता बंद. परीक्षा सोमवारी होती.

तिथे पाण्याच्या कडेला काठी रोवतात. तिचं बूड कोरडं पडलं की पाणी उतरतंय असं समजायचं. मीही एक रोवली आणि दर तासाला वहीत नोंद ठेवू लागले. शेजारी धान पिकवणारे एक म्हातारे राहायचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. ते हसून म्हणाले, "तू लिवून राह्यली म्हणून नदी घाई करन काय?"

मग नोंदी चुकू लागल्या. मी ताईच्या ओसरीवर दुपारभर झोपायचे. उठले की भात आणि अंबाडीची भाजी.

शनिवारी पहाटे काठी कोरडी होती. ताईने माझी पिशवी भरली, हॉलतिकीट वर ठेवलं. मी काठीपाशी गेले, ती उपटली आणि आत, गुडघाभर पाण्यात रोवली.

मागे भाऊ उभे होते. "पाणी तं उतरलं," ते म्हणाले. "तुले जायाचंच नाई, तं तसं सांग ना बहिणीले."

मी सांगितलं. ताईने पिशवी रिकामी केली.

पंधरा दिवसांनी बाबा आले. माझी सात कारणं कागदावर तयार होती. बाबांनी एवढंच विचारलं, "झोप येते का तुले आता?" मी मान डोलावली. त्यांनी खिशातून टेप काढून माझं माप घेतलं. फार बारीक झाली, म्हणाले, जुने कपडे ढिले होतील. कारणं तशीच राहिली.

पुढे गडचिरोलीत कारकून झाले. रोज वेळेवर घरी जेवले.

ताईला म्हटलं, तिला उठवू नको, मी येते. बाबांचा टेप माझ्याकडेच आहे. तो आधी पिशवीत टाकला.