पावडरचा सीन

“तुला मेकअप लागणारच नाही,” सर म्हणाले. अख्खा हॉल हसला. मीही हसले. घाबरले की मला हसू येतं.

बुलढाण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गॅदरिंगमध्ये एका जुन्या, गाजलेल्या विनोदी सिनेमातले प्रसंग बसवायचे ठरले होते. कॉलेजातल्या पोरापोरींचा सिनेमा. सगळ्यांना तोंडपाठ. गावी, संग्रामपूरला, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मीही तो चार-पाचदा पाहिलेला, पोट धरून हसलेली. त्यातलं अख्खं कॉलेज गोरंपान. काळी अशी एकच पोरगी. खेड्यातली, डोक्याला तेल चोपडलेली, आमच्यासारखं बोलणारी. ती नाचायला येते तेव्हा हिरो तिच्या तोंडावर पावडरचा डबा उपडा करतो आणि म्हणतो, “आता दिसली!” बस. तेवढंच तिचं काम.

ते काम सरांनी मला दिलं. यादी वाचताना माझ्या आडनावापाशी थांबले, वर पाहिलं, आणि ते वाक्य बोलले.

नाही म्हणायचं होतं. पण प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात. होस्टेलच्या कमिटीवरही सरच. मी मान डोलावली.

पहिल्याच तालमीत हिरो झालेल्या पोरानं खरा डबा उपडा केला. पावडर डोळ्यांत गेली, नाकात गेली. श्वास कोंडला. मी खोकत होते आणि सगळे टाळ्या पिटत होते.

“हाच चेहरा ठेव,” सर ओरडले. “भारी दिसतोय.”

मग रोज तालमीची वेळ आली की बाथरूमला कडी लावून बसायचे. तरी जायचे.

नसरीन माझी रूममेट, साखरखेर्ड्याची. एका संध्याकाळी मी नळाखाली तोंड धूत होते, ती मागे येऊन उभी राहिली.

“काऊन जातं वं तू?”

“भेव वाटते.”

तिनं नळ बंद केला. “मी नाव द्याले गेली होती. सर म्हणे, या सिनेमात तुमच्यातलं कोणी नाही. तुले जागा हाये, तं अशी. मले तं तेवढीबी नाही.”

त्या पोरीचं नाव काय होतं सिनेमात? मी आठवत बसले. आठवेना. नव्हतंच. सगळे तिला नुसतं ‘ए’ म्हणायचे. आणि मी हसले होते. माझ्याच तोंडावर.

रंगीत तालमीला प्राचार्य पुढच्या खुर्चीत बसले होते. डबा वर गेला. मी त्या पोराचं मनगट धरलं.

“हात खाली घे.”

पोरानं सरांकडे पाहिलं.

“अगं, विनोद आहे तो,” सर म्हणाले. “सिनेमात तसंच आहे.”

“सिनेमात तिले नाव नाही, सर. मले हाये.”

आणि मी नाव सांगितलं. आडनावासकट. आवाज फाटला होता, पण मागच्या भिंतीपर्यंत गेला. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

मला काढलं. गॅदरिंगला एका गोऱ्या पोरीच्या तोंडाला काळं फासून तोच सीन झाला. मी मागे उभी होते. हशा इतका उठला की छपराचे पत्रे वाजले. प्रॅक्टिकलला मी काठावर पास.

यंदा पुन्हा तेच प्रसंग बसवणार आहेत. मी अर्ज लिहिला, तो सीन नको म्हणून. खाली दोन सह्या, माझी आणि नसरीनची. सरांनी वाचला.

“शेवटचं वर्ष आहे ना तुझं? विचार कर.”

“केला, सर.”

अर्ज टेबलावर ठेवून बाहेर आले, तर जिना उतरता येईना.

अर्ज फेटाळला तर त्या सीनच्या वेळी मी स्टेजवर जाऊन उभी राहणार. भेव जायची वाट पाहणार नाही, ते जाणार नाही. भेतभेत चढीन. पण चढीन.