वहिनी थांबली ती ओळ

दादाचा फोन आला तेव्हा मी लोअर हटला जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसलो होतो आणि हातात स्वेटरची डावी बाही होती. शनिवार होता. नेहमीप्रमाणे मी जॉन्सनव्हिलहून निघून, वेलिंग्टनला गाडी बदलून त्यांच्याकडेच चाललो होतो. दादा एवढंच म्हणाला, "सावकाश ये. आता घाई नाही." खिडकीबाहेर समुद्र अगदी शांत होता... समोर बसलेल्या बाई मघापासून कौतुकाने माझं विणकाम बघत होत्या, त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि नजर वळवली. हातातली ओळ अर्धी होती, ती मी पुरी केली. अर्ध्या ओळीत सुया खाली ठेवायच्या नाहीत, हे वळण वहिनीनेच लावलेलं. ती गेल्याचं कळल्यावरही माझे हात तिचंच ऐकत होते.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको शुभदा, आमच्या पुण्याच्या घरात आली तेव्हा मी कॉलेजात होतो. आल्या आल्या तिने माझी टर उडवायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत. एरवी 'अमोल' म्हणायची, पण 'भाऊजी' म्हणाली की समजायचं, आता आपली खैर नाही. पुढे ती दोघं इकडे न्यूझीलंडला आली आणि काही वर्षांनी त्यांच्या पाठोपाठ मीही. इथली घरं बाहेरून देखणी आणि आतून गारठलेली, त्यामुळे वहिनीच्या सुयांना कधी उसंत मिळाली नाही. ती ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, लोकांनी टाकलेले लोकरीचे स्वेटर आणायची, उसवायची, आणि ती वाकडी-तिकडी लोकर पातेल्यातल्या वाफेवर धरून सरळ करायची. मेंढ्यांच्या देशात येऊन ही बाई जुनी लोकर कसली उसवत बसते, असं दादा म्हणायचा. नवी लोकर उद्धट असते, जुनी ऐकते, असं तिचं उत्तर ठरलेलं होतं.

मागच्या वर्षी तिचं आजारपण निघालं. औषधांनी केस गेले त्याचं तिला फार काही वाटलं नाही, पण बोटांची टोकं बधिर झाली तेव्हा मात्र ती खचली. सुईवर टाका आहे की सुटला हे तिला बघितल्याशिवाय कळेना. त्या वेळी दादासाठी राखाडी-निळा स्वेटर सुयांवर होता, पुढून दोन जाड वेण्या उतरणारा. पाठीचा भाग झाला होता, पुढचा भाग जेमतेम छातीपर्यंत आला होता. एका रविवारी जेवणं झाल्यावर तिने ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "भाऊजी, माझे हात संपावर गेलेत. तुमचे द्या." मी हसलो. मग तिच्याकडे पाहिलं, आणि लोकर हातात घेतली.

सुलट आणि उलट टाका यायला फार वेळ लागला नाही. वेणीने मात्र माझ्या नाकी नऊ आणले. अर्धे टाके छोट्या सुईवर उतरवून बाजूला धरायचे, पुढचे आधी विणायचे, मग धरलेले परत घ्यायचे. ते धरलेले टाके कामाच्या पुढे ठेवले तर पेड एका बाजूला वळतो, मागे ठेवले तर दुसऱ्या. मी गप्पांच्या नादात कधी पुढे धरायचो, कधी मागे, आणि वेणी मध्येच उलटी फिरायची. "ही वेणी नव्हे, भांडण आहे," वहिनी म्हणायची, "उसव." ऐन जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, आम्ही पेटोनीच्या किनाऱ्यावर बसलेलो असायचो, ती टोपी घालून सावलीत, मी मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन घामाघूम. पुतणी रेवा पाण्यातून येऊन अंगावर ओरडायची, "काका, this is so embarrassing! सगळे swimming togs मध्ये आहेत आणि तू स्वेटर विणतोयस." मलाही लाज वाटायची, पण वहिनी इतकी मनापासून हसायची की मी विणत राहायचो.

वेणी जमल्यावरही उसवणं थांबेना. आता खोट होती माझ्या हातात. विणणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. वहिनीचा हात सैल, तिचं काम मऊ पडायचं, आणि मी प्रत्येक टाका करकचून ओढायचो. तिच्या ओळी संपून माझ्या सुरू झाल्या की कापड आखडायचं. मला ते तितकंसं दिसायचं नाही. दादा घालेल, त्याला काय कळतंय, असं मी एकदा वैतागून म्हणालो. दादा आयुष्यभर वर्कशॉपमध्ये जोडकाम तपासत आलेला माणूस. रंग दिलेल्या पत्र्यावरून नुसतं बोट फिरवून तो आतला सांधा सांगतो.

"त्याला कळता कामा नये मी कुठे थांबले ते," वहिनी म्हणाली. "कळलं ना, तर तो तिथेच बसून राहील रे. त्या ओळीपाशी."

तोवर मी समजत होतो की स्वेटर पुरा व्हावा एवढीच तिची इच्छा आहे.

मग तिने माझा हात सैल करायचा चंगच बांधला. त्यावर तिचा उपाय एकच होता, बोलत बोलत विणायचं. माणूस बोलायला लागला की मुठी सुटतात, असं ती म्हणायची. काय बोलू विचारलं, तर म्हणाली, तुझ्या भावाबद्दल सांग, माझ्या आधीचं. म्हणून मी सांगत गेलो. दादा शाळेच्या नाटकात झाड झाला होता आणि मुंगी चावली म्हणून झाड रंगमंचावरून पळून गेलं ते. आई आजारी असताना त्याने केलेली आणि आम्ही निमूटपणे खाल्लेली निळसर खिचडी. तिला बघायला जायच्या दिवशी त्याने तीनदा बदललेला शर्ट. शेवटची गोष्ट तिने पुन्हा पुन्हा सांगायला लावली. डोळे मिटून ऐकायची, आणि मध्येच हात लांब करून बधिर बोटांऐवजी गालाला माझं काम लावून बघायची... "अजून आखडतंय. उसव." एकदा मी इतकं उसवलं की माझ्या ओळी संपून तिच्याही काही गेल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. ती म्हणाली, जाऊ दे, माझ्या होत्या त्या आता तुझ्या.

एप्रिलमध्ये ती निजूनच असायची. तिकडे पुण्यात उन्हाने काहिली होत असल्याचं आई फोनवर सांगायची आणि इथे हीटर सुरू झाले होते. पुढचा भाग खांद्यापर्यंत आला त्या दिवशी मी तो तिच्या गालाला लावला. तिने मान डोलावली. उसव म्हणाली नाही. त्यानंतरच्या शनिवारी तो फोन आला.

बाह्या मी तिच्यामागे पुऱ्या केल्या. जॉन्सनव्हिलच्या घरात मी एकटाच असतो. पहिल्याच संध्याकाळी हात पुन्हा आखडला, चार ओळी दगडासारख्या झाल्या. त्या उसवल्या आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीशी मोठ्याने बोलायला लागलो. दादा जेवतोय, रेवा स्वतःहून मराठीत बोलायला लागलीय, तुझ्या कुंडीतली कोथिंबीर थंडीने गेली... जे सुचेल ते. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. हात सैल राहिला. स्वेटर झाल्यावर मला आनंद होईल असं वाटलं होतं. शेवटचे टाके बंद केले आणि आता उद्या संध्याकाळी तिच्याशी काय निमित्ताने बोलायचं, हे मला सुचेना.

दादाने स्वेटर घेतला, घातला, आरशासमोर उभा राहिला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन त्याने विचारलं, "कुठपर्यंत तिचं आहे रे?"

आरशासमोर तो तिची शेवटची ओळ शोधत होता, हे मला तेव्हा कळलं. मी विणायचो ते त्याने पाहिलेलंच होतं. त्याला फक्त ती ओळ सापडत नव्हती. वहिनीची इच्छा मी तिथल्या तिथे मोडली असती. दादाच्या डोळ्यांकडे बघून मी त्याला जवळ ओढलं, दिव्याखाली उभं केलं आणि वेणीवर ती जागा शोधायला लागलो. खालून शोधली, वरून शोधली, स्वेटर त्याच्या अंगातून उतरवून, उलटा करून आतून पाहिली. सांगता येईना. "मला कळत नाहीये, दादा," मी म्हणालो. त्याने स्वेटर पुन्हा चढवला आणि चहा टाकला.

आता कडाक्याची थंडी आहे. मी शनिवारी जातो, तेव्हा दादा तो स्वेटर घालून टीव्हीसमोर बसलेला असतो. बातम्या चालू असतात आणि त्याचं बोट नकळत वेणीच्या खालच्या टोकाशी जातं, पेडावरून वळत वळत हळूहळू वर चढतं, छातीशी येतं, पुढे जातं, खांद्यापाशी संपतं आणि परत खाली येतं. वहिनीला हवं होतं ते झालं आहे. मी मात्र पलीकडच्या सोफ्यावर बसून त्या बोटाकडे बघत असतो, आणि दर वेळी मला वाटतं, एकदा तरी ते मध्ये कुठेतरी अडावं.