चाळणीत न थांबलेला गहू

चाळणीवाला नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्याच्या चाळणीला नावं ठेवायची धान्यबाजारात कोणाची छाती नव्हती. भांडवल म्हणाल तर वडिलांच्या हातचा एक पोलादी पंच, पत्र्याखाली घ्यायचा लाकडी ठोकळा आणि हातोडी. पण त्याने पाडलेल्या भोकांवर सगळा बाजार चालायचा. चाळणीवर राहील तो गहू माणसांचा, खाली पडेल तो कोंबड्यांचा. व्यापारी आणि शेतकरी एरवी एकमेकांच्या सावलीला उभे राहत नसत, पण त्या चाळणीपुढे दोघंही गप्प बसत. अशी इज्जत मंत्र्याला तरी मिळते का?

मग गहू खाली पडायला लागला. आधी मूठभर, पुढच्या हंगामात ढीगभर. शेतकरी कुरकुरले. चाळणीवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. आपलंच नाणं खोटं, असं त्याने धरून टाकलं. वय झालं, हात थरथरतो, ठोका तिरका बसून भोक पसरतं. त्याने जुन्या चाळण्या फुकट बदलून दिल्या, तरी गहू पडतोच. एका हमालाने थट्टा केली, "काका, चाळणी नको, चष्मा बदला." या भल्या माणसाने तोही बदलला! शेवटी त्याने नवी कामं घेणंच सोडलं. दुकान उघडायचं, हातोडी पुसायची, बसायचं. बाहेर मात्र बाजार उतरत होता. पोती शिवणाऱ्या बायका अर्ध्या झाल्या. पिठाची गिरणी दूरदेशीचा गहू मागवू लागली. हे सगळं आपल्या भोकांमुळे, असं तो वेडा मनात म्हणायचा. मला तर त्याचा रागही यायचा आणि कीवही.

त्याला जवळचं माणूस एकच, थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या पोरीने स्वतःचं लग्न लांबवून धाकट्याला वाढवलं. बाजारापासून दोन गावं पलीकडे तिचं शेत. तिच्या गव्हाला आजवर कोणी कमी लेखलं नव्हतं. त्या वर्षी मात्र ती पोती घेऊन आली ती हातातली पिशवी खाली न ठेवताच. गिरणीने गहू घेतला, तरच पुढच्या हंगामाला ती नांगर धरणार होती, एवढं तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

आडत्याने ओट्यावर पोतं सोडलं, चाळणी भरली, हलवली. चाळणी तिच्या भावाच्याच हातची. खाली पावसाची सर येते तसा आवाज झाला. निम्म्याहून जास्त गहू खाली. आडत्या वाईट माणूस नव्हता. खाली मान घालून तो म्हणाला, की ताई, हा कोंबडीच्या दाण्यातच जाईल, माझा इलाज नाही.

चाळणीवाला ओट्यावर चढला. सगळा बाजार ऐकत होता.

"चाळणी खोटी आहे," तो म्हणाला. "माझा हात गेलाय. या भोकांवर कोणी विश्वास ठेवू नका. तिचा गहू चांगला आहे."

जन्माची कमाई त्याने त्या चार वाक्यांत ओतून दिली.

आता ताईने गप्प राहायला हवं होतं. दोन-चार शेतकरी तर म्हणूही लागले होते, की बघा, आम्ही सांगतच होतो. आडत्याचं मनही डळमळलं होतं, गहू गिरणीत गेलाच असता. पण तिने पिशवीतून काचेची बरणी काढली. कोणे एके काळच्या भरघोस वर्षाचा मूठ-दोन मूठ गहू तिने आठवण म्हणून जपून ठेवला होता. घरी नवा दाणा त्याच्या शेजारी ठेवून पाहिला, तेव्हाच तिला कळून चुकलं होतं. तिने बरणी त्याच चाळणीत उपडी केली आणि स्वतः हलवली.

एक दाणा खाली पडला नाही.

"तुझा हात शाबूत आहे, धाकट्या," ती म्हणाली. "दाणाच बारीक झालाय. ओंबीत दूध असतं, तेव्हाच आता उन्हाळा येऊन बसतो. पोट भरायच्या आत दाणा पिकून जातो बिचारा."

ओट्याखालच्या सगळ्यांना एकदम उमगलं. आपापल्या शेतातला तो अवेळी गरम वारा सगळ्यांनीच अंगावर घेतला होता. आडत्याने हात जोडले आणि ताईची पोती कोंबडीच्या दाण्याच्या गाडीकडे न्यायची खूण केली.

चाळणीवाला तिच्यावर भडकला. कशाला केलंस, माझं काय, चार वर्षं राहिली असतील. तिने त्याच्या खांद्यावरचा कोंडा झटकला, लहानपणी झटकायची तसाच. म्हणाली, की खोटं बोलून एक हंगाम निघाला असता, पण दाणा काही मोठा झाला नसता. त्या जमिनीत आता गहू येणार नाही. दुसरं काय येतं ते तिला शोधायचं होतं. या वयात.

"सापडलं की सांग," तो म्हणाला. "त्याची चाळणी करतो."

मग त्याने हमालाला बाजूला सारून तिचं एक पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं. दरवर्षीसारखंच तोंडापर्यंत भरलेलं होतं. त्याने सवयीने कंबर घट्ट करून जोर लावला आणि त्याचा तोल गेला. पोतं हलकं होतं.