किसनने पुढे केलेला लोटा

नातू बॅटला जवसाचं तेल चोळत बसला होता. आम्ही स्टिकला चोळायचो तोच वास नाकात गेला अन् मी गिरणीच्या हॉकी मैदानावर पोचलो.

शिवाशिव बंद करणारा कायदा तेव्हा नवा होता. पगार देऊन ठेवलेल्या आमच्या टीममध्ये गिरणीच्या साहेबांनी महारवाड्यातला किसन घेतला. त्याच्यासारखा फॉरवर्ड पार खंडव्यापर्यंत नव्हता. मी गोलकीपर.

हाफटाइमला सगळ्यांनी एकाच लोट्याला तोंड लावायचं, उष्टं मानायचं नाही, ही टीमची रीत. किसनच्या पहिल्या मॅचला तो प्याला अन् लोटा माझ्यापुढे धरला. आमच्या वस्तीचे, लोधीपुऱ्याचे लोक बघत होते. त्यांच्यात माझे बाबा. प्यालो तर घर बंद, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"घे ना भाऊ, बॉलला तर भीत नाहीस," किसन हसून म्हणाला.

"तहान नाही," मी म्हणालो.

त्याने उरलेलं पाणी मातीत ओतलं.

पुढे त्याने दोन गोल केले. सगळे त्याच्याकडे धावले, मी हललो नाही. गोलकीपरने जागा सोडू नये, असं आजवर ऐटीत सांगत आलो. खरं म्हणजे, सगळ्यांसमोर त्याने मिठी मारली तर काय, याची धास्ती होती.