थांब्यावरची बारीक अक्षरं

देशाच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि चष्मेवाल्या काकूंचा पक्ष सपशेल आपटला. काकूंनी राग काढला गिऱ्हाइकांवर. डोळे तपासताना कुणी तक्त्यातली शेवटची ओळ घडाघडा वाचली, की त्या थंडपणे विचारायच्या, "म्हणजे दिसतं तुम्हाला. मग मत देताना काय झालं होतं?"

आठवड्याभरात गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. मागच्या खोलीत काचा घासणारे त्यांचे यजमान शेवटी बाहेर आले. त्यांनी दाराबाहेरचा बसथांबा दाखवला. तिथे तीन माणसं वेळापत्रकाला नाक लावून उभी होती. अक्षरं मुंगीएवढी होती. देशाचं पुढच्या खेपेला बघू, ते म्हणाले, तोवर या नाकांचं काहीतरी कर.

काकू मोठ्या अक्षरांच्या फलकासाठी अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात गेल्या. साहेबांनी अर्ज हातभर लांब धरला, मग कपाटाला टेकवून ठेवला आणि वाचत वाचत दारापर्यंत मागे गेले. काकूंनी पर्समधून एक चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवला. साहेबांनी अर्ज वाचला, भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, स्वतःच्याच टेबलावरची पाटी कौतुकाने वाचली आणि सही ठोकली. चष्मा मात्र परत दिला नाही.

पंधरा दिवसांत नवा फलक लागला. अक्षरं एवढी दांडगी, की फक्त सात नंबरची गाडी मावली. बाकीच्या गाड्या बंद झाल्याची आवई उठली आणि लोक काकूंच्या दुकानात येऊन त्यांनाच जाब विचारू लागले.

शेजारच्या शिंपीकाकांनी जिंकणाऱ्यांना मत दिलं होतं. निकालापासून ते शिलाई मारताना शीळ घालत, म्हणून काकूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या दिवशी ते गळ्यात टेप घालून आले, फलकाचं माप घेतलं आणि म्हणाले, "काकू, हा अंगावर बसतच नाहीये. कमरेत घट्ट होतोय."

काकूंना हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात दडवलं. मग दोघं कामाला लागले. पाच पावलांवरून किती मोठं अक्षर दिसेल ते काकू ठरवायच्या, आणि काका खाकी कागदावर खडूने आखून सगळ्या गाड्या बसवायचे. काम चालू असताना सरकारचा विषय काढायचा नाही, असं ठरलं होतं. काकांनी हा नियम दोनदा मोडला, काकूंनी अकरा वेळा.

साहेबांनी नवा चष्मा लावून कागद पसंत केला आणि फलक त्याबरहुकूम बनला. सगळ्या गाड्या लांबूनही स्वच्छ दिसू लागल्या. फक्त काकांनी सवयीने चहूबाजूंनी शिलाईसाठी इंचभर जास्तीची जागा सोडली होती, ती कारागिराने इमानदारीने पत्र्यातही धरली. त्यामुळे फलक खांबाबाहेर डोकावतो आणि उंच माणसांना वाकून जावं लागतं.

देशाचं चुकलंच, या मतावरून काकू तसूभरही हललेल्या नाहीत. पण दर गुरुवारी चारला दुकान यजमानांवर सोपवून त्या वॉर्डाच्या सभेला जातात. शिंपीकाका आधीच जाऊन शेजारची खुर्ची अडवून बसलेले असतात. सभा सुरू झाली, की दोघं कडाकडा भांडतात, गटाराच्या झाकणावरून.