अंगठा कुणाचा, रोलर कुणाचा

पेटंट कार्यालयाचा तपासणी अहवाल आला त्या दुपारी माझ्या दुकानात बारावीच्या नोट्सची गर्दी होती. राजारामपुरीत क्लास सुटले की झेरॉक्सच्या काउंटरवर नुसता कालवा असतो. माझा अर्ज भरणाऱ्या एजंटचा मेल मोबाइलवर दिसला आणि मी तो उभ्या उभ्याच वाचला. नऊ पानं होती. त्यातली आठ पानं नीट कळली नाहीत आणि एक वाक्य मात्र नको तेवढं कळलं. कागद ओढण्याची माझी यंत्रणा या क्षेत्रातल्या जाणकार माणसाला सहज सुचण्यासारखी आहे, असं त्यात म्हटलं होतं.

सहज! पोरांच्या देखत माझ्या तोंडून एक शब्द गेला, तो इथे लिहीत नाही.

मी बावीस वर्षं झेरॉक्स मशीन चालवते आणि सतरा वर्षं ती स्वतः उघडून दुरुस्त करते. मग या क्षेत्रातला जाणकार माणूस म्हणजे दुसरं कोण? मीच की. आणि मला ही सहज सुचणारी गोष्ट सुचायला सहा पावसाळे लागले. त्या साहेबांना सहा मिनिटांत सुचली असेल तर त्यांनी माझ्या दुकानात येऊन बसावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

दुखणं साधं होतं. जून लागला की कागद दमट होतो, एकमेकांना चिकटतो आणि मशीन एकाऐवजी दोन कागद ओढतं. मग एक पान कोरं निघतं, नाहीतर कागद आत अडकतो, आणि समोर पंचवीस पोरं खोळंबतात. कंपनीचा माणूस सांगायचा की कागद कोरडा ठेवा. कोल्हापुरात जुलै महिन्यात कागद कोरडा ठेवा म्हणणाऱ्याला काय बोलायचं? आम्ही रिम बल्बखाली ठेवल्या, इस्त्रीच्या टेबलावर ठेवल्या, फडफडवून फडफडवून मनगटं दुखवून घेतली. फरक पडला नाही.

सुचलं ते अव्वामुळे. आईला मी अव्वा म्हणते, ती निपाणीकडची. लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं तिनं विड्या वळल्या. तेंदूची पानं भिजवून फडक्यात बांधलेली असायची, ती एकमेकांना गच्च बसायची. अव्वा पान उचलताना अंगठा आधी स्वतःकडे, मागे ओढायची. पान मधे जरासं फुगायचं, खालच्या पानापासून सुटायचं आणि मग ती ते पुढे सारायची. हे मी लहानपणापासून बघत होते आणि चाळीशी ओलांडेपर्यंत मला त्यात काही दिसलं नव्हतं. मशीनमधला रोलर कागद थेट पुढे खेचतो. तो आधी अर्धा इंच मागे फिरवला तर?

शिरोली एमआयडीसीत ओळखीचे एक टर्नर आहेत. त्यांच्याकडे चित्र घेऊन गेले तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं.

"ताई, कागद पुढं न्यायचा हाय आन् तुमी रोलर मागं फिरिवताय. डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?"

"तुम्ही करून द्या. डोकं माझं मी बघते."

नुसता रोलर उलटा फिरवून भागेना. सगळाच गठ्ठा मागे सरकायचा. म्हणून गठ्ठ्यामागे एक आडवी पट्टी लावली, खालचे कागद धरून ठेवणारी. मग रोलर मागे गेल्यावर आपोआप पुढे यायला हवा, म्हणून स्प्रिंग बसवली. स्प्रिंग कडक झाली तर कागद फाटायचा, मऊ झाली तर रोलर मागेच राहायचा. अशा अकरा स्प्रिंगा झाल्या. बाराव्या स्प्रिंगेला ओल्या रिममधून कागद एकेक करून बाहेर पडू लागले आणि ते टर्नर लेथ बंद करून मशीनसमोर उकिडवे बसले. "आयला, खरंच की ओ," म्हणाले. आजवर मला मिळालेली ही सगळ्यात चांगली पावती आहे.

आणि मग चूक झाली, ती खास आमच्या गावची. समोरच्या रिक्षा स्टॉपवरच्या मंडळींना कुठून तरी कळलं. कोल्हापुरात कुणाचा वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर म्हैस जास्त दूध देवो, चौकात फ्लेक्स लागलाच पाहिजे. माझाही लागला. अर्ज दाखल व्हायच्या पंधरा दिवस आधी. एजंटनं मला समजावून सांगितलं होतं की अर्जाआधी यंत्रणा जगाला दाखवली तर पेटंटवर पाणी सोडा. मी धावत चौकात गेले. फ्लेक्सवर माझा तोंडवळा दारापेक्षा मोठा, वर गोरा केलेला, आणि खाली यंत्राचं चित्र. ते बघून जीव भांड्यात पडला. यंत्राचा फोटो अंधूक आला म्हणून फ्लेक्सवाल्यानं इंटरनेटवरून कुठल्या तरी परदेशी प्रिंटरचं चित्र उचलून चिकटवलं होतं. माझ्या यंत्रणेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

चित्राखाली मात्र ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'विडी कामगार आईची युक्ती, लेकीनं बसवली यंत्रात!' ते वाक्य मीच त्यांना चहा पिताना अभिमानानं सांगितलं होतं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

अहवालाला उत्तर देऊन झालं आणि दोन महिन्यांत दुसरा दणका बसला. स्पेअर पार्टचे एक घाऊक व्यापारी आहेत. पूर्वी मी त्यांच्याकडे पार्ट आणायला गेले की म्हणायचे, "वहिनी, मिस्त्रीला पाठवा, तुम्हाला नाही कळायचं." त्यांनी वकील लावून माझ्या अर्जाला लेखी विरोध केला आणि पुरावा म्हणून त्या फ्लेक्सचा फोटो जोडला. त्यांचं म्हणणं असं की ही विडी कामगारांची परंपरागत युक्ती आहे, सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे, या बाईनं काहीही शोधलेलं नाही. कायद्यात तसं कलम आहे. परंपरेनं चालत आलेल्या ज्ञानावर पेटंट मिळत नाही.

एजंट म्हणाला, "सोपं आहे. फ्लेक्सवरचं वाक्य रिक्षावाल्यांनी आपल्या मनानं लिहिलं, आईचा याच्याशी संबंध नाही, असं लिहून देऊ."

"संबंध आहे."

"मॅडम, ते मान्य केलंत तर तुमचा दावा जाईल."

"गेला तर गेला. आईला पुसून मला पेटंट नको."

एजंट वैतागला आणि म्हणाला, मग सुनावणीत तुम्हीच बोला. मी म्हटलं, बोलते की. भीती वाटत नव्हती असं नाही. पण मला राग आला की भीती मागच्या बाकावर जाऊन बसते, हा माझा जुना स्वभाव आहे.

सुनावणी व्हिडिओवर होती, सकाळी अकरा वाजता. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. लॅपटॉप काउंटरवर ठेवला, शेजारी माझी यंत्रणा बसवलेलं मशीन आणि पाणी शिंपडून दमट केलेला कागदाचा गठ्ठा. अव्वा मागे स्टुलावर बसली होती. कशाला आलीस म्हटलं तर म्हणाली, "घरात बसून काय करू? ऐकतो की जरा."

पडद्यावर पेटंट कार्यालयाचे साहेब होते आणि त्यांच्या शेजारच्या चौकटीत व्यापाऱ्याचे वकील. साहेब आधी इंग्रजीत बोलले, मग माझा चेहरा बघून हिंदीत आणि शेवटी मराठीत आले. त्यांनी एका जपानी पेटंटचा विषय काढला. त्यातही रोलर उलटा फिरत होता. अहवालात नाव असलेल्या त्या पेटंटचं इंग्रजी भाषांतर मी महिनाभर शब्दकोश घेऊन वाचलं होतं. मी सांगितलं की त्यात आधी दोन कागद ओढले जातात, मग यंत्राला ते कळतं आणि मग एक कागद परत ढकलला जातो. माझ्यात दोन ओढलेच जात नाहीत. त्यांचं औषध आहे आणि माझं पथ्य. साहेबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

मग वकिलांनी फ्लेक्स पडद्यावर आणला. माझा तो गोरा केलेला चेहरा सरकारी सुनावणीत बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही युक्ती तुमच्या आईची, हे खरं की खोटं? एका शब्दात सांगा."

"एका शब्दात नाही सांगणार. अंगठा आईचा आहे. हजारो बायकांचा आहे, आणि तो कुणाच्या मालकीचा करायला मी आलेली नाही. पट्टी, स्प्रिंग आणि रोलर माझा आहे. इतक्या बायकांनी इतकी वर्षं तो अंगठा वापरला, तुमच्या पक्षकारानं इतकी वर्षं मशीनचे पार्ट विकले, मग त्यांना का नाही सुचलं? त्यांनी तर मला तुम्हाला नाही कळायचं म्हणून सांगितलं होतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "आई आहेत का तिथे? कागदावर करून दाखवतील का?"

हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं. अव्वा पदर सावरत कॅमेऱ्यासमोर आली. तिनं दमट गठ्ठ्यावर अंगठा टेकवला, मागे ओढला, पुढे सारला. दोन कागद एकदम आले. पुन्हा केलं. पुन्हा दोन. तिसऱ्यांदा वरचा कागद टर्रकन फाटला.

"न्हाय ओ सायेब," ती म्हणाली, "पानाला जमतंय. कागदाला न्हाय जमत ह्ये."

वकिलांनी फ्लेक्स पडद्यावरून काढून टाकला. जी युक्ती कागदावर चालतच नाही, ती कागदाच्या यंत्रासाठी सगळ्यांना ठाऊक होती असं कसं म्हणणार? मी मशीन चालू केलं. त्याच गठ्ठ्यातले चाळीस कागद एकेक करून बाहेर आले. मला आनंद व्हायला हवा होता. पण अव्वा मान खाली घालून पदराच्या टोकानं अंगठा पुसत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना. तिला मान द्यायला म्हणून मी एवढी भांडले आणि सगळ्यांसमोर तिला हरवून बसले.

दुसऱ्या दिवशी चहा सांगून दुकानात परत आले तर अव्वा काउंटरवर. कालचा उरलेला दमट गठ्ठा तिच्यासमोर होता. अंगठा मागे, अंगठा पुढे. कागद एकेक करून सुटत होता आणि ती तो वाळायला दोरीवर टाकत होती. एकही फाटत नव्हता.

"अव्वा, काल काय झालं होतं?"

"कुठं काय?"

"तुला येतंय की हे. काल मुद्दाम केलंस?"

तिनं हातातला कागद दोरीवर टाकला आणि चिमटा लावला. "त्यो वकील टपूनच बसलावता. मला आलं असतं तर तुझं गेलं असतं. मग? एवढा बी नसता येडेपणा केला तर आई कशाची?"

मी तिच्यावर ओरडले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, असतं तरी ओरडले असते. हे पेटंट मला तिच्या हरण्यावर नको होतं. तीही ओरडली. शेवटी ती रिक्षा करून घरी निघून गेली.

सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला पंधरा दिवस असतात. एजंटनं सुरेख मसुदा केला होता. त्याचा सगळा भर अव्वाच्या फसलेल्या प्रात्यक्षिकावर होता. मी तो परिच्छेद काढायला लावला आणि माझा घातला: माझ्या आईला पानही सोडवता येतं आणि कागदही. सुनावणीत तिनं मुद्दाम चुकवलं, ते माझ्यासाठी होतं आणि मला ते मान्य नाही. तिच्या हाताला दर कागदाचा ओलावा कळतो, त्याप्रमाणे ती जोर कमीजास्त करते. रोलरला काहीच कळत नाही. न कळणाऱ्या रोलरकडून तेच काम कसं करून घ्यायचं, एवढंच मी शोधलं आहे. ते सहज असेल तर अर्ज फेटाळावा.

एजंट म्हणाला, "मॅडम, हातचं घालवताय." मी म्हटलं, पाठवा. अव्वाला कळलं तेव्हा ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

निकाल यायला कितीतरी महिने गेले. अर्जातल्या पाच दाव्यांपैकी दोन कापले होते. पट्टी, स्प्रिंग आणि उलटा फिरणारा रोलर यांचा मुख्य दावा मंजूर झाला होता. मी धावत घरी गेले आणि अव्वाला इंग्रजीतला निकाल मराठीत करून वाचून दाखवला. पट्टीचं आणि स्प्रिंगेचं ऐकताना ती लसूण सोलत होती. मग ते वाक्य आलं: अर्जदारानं सुनावणीनंतर स्वतःहून कळवल्याप्रमाणे तिच्या आईला हे काम हातानं करता येतं, हे ग्राह्य धरण्यात येत आहे.

अव्वानं लसूण बाजूला ठेवला. "परत वाच."

मी परत वाचलं.

"मंजी सरकारी कागदावर लिवलंय, मी हारलो न्हाय म्हणून?"

"हो."

"मग एक झेरॉक्स काढ त्याची," ती म्हणाली. "त्या वकिलाला निऊन द्याची हाय. मीच जातो."