घाटाचा तिरका चढ

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांची आठवण काढायला बसले की मला आधी गंगेवरच्या दुर्गाघाटाच्या पायऱ्या दिसतात.

एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. संस्कृत पाठशाळेतून निवृत्त होऊन बाबांना थोडेच दिवस झाले होते. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि पायऱ्या चढायची मनाई केली.

"उतरलेलं चालेल?" बाबांनी विचारलं.

"उतरायला हरकत नाही."

"म्हणजे एकदा उतरलो की तिथेच राहायचं."

डॉक्टर हसले, मला हसू आलं नाही. पहाटेचं गंगास्नान सुटलं तर बाबा अंथरूण धरतील, ही भीती माझ्या मनात बसली.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ओझं सरळ वर उचलण्यापेक्षा लांब फळीवरून ढकलत नेलं तर जोर कमी लागतो, मात्र अंतर वाढतं. याला पुस्तकात यांत्रिक लाभ म्हणत. मी पाटीवर आकृती काढून बाबांना म्हटलं, "सरळ चढू नका. घाटाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे तिरके जा, मग वळून परत या."

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेले. स्नान झालं. बाबा तिरके चढू लागले आणि चार-पाच पायऱ्यांनंतर थांबले.

"फळीवर पाऊल हळूहळू वर जातं," ते म्हणाले. "इथे पायरी आली की ती तेवढीच उंच. गुडघा तेवढाच उचलावा लागतो. तुझ्या आकृतीत पायऱ्या होत्या का?"

नव्हत्या. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मग सरळच चढता?"

"नाही, तिरकंच जाऊ. एका पायरीनंतर दुसरी येईपर्यंत सपाट चालायला मिळतं. तेवढ्यात श्वास परत येतो."

म्हणजे जोर कमी झाला नव्हता आणि कामही तेवढंच होतं. ते करायला वेळ मात्र जास्त मिळत होता. बाबांना तेवढा पुरला.

खालून वल्ही मारणारा एक नाववाला बाबांचं तिरकं जाणं-येणं पाहून रोज टोकायचा, "का गुरुजी, सीढ़ी पर भी नाव खे रहे हैं?"

"किराया नहीं लेते. बैठोगे?" बाबा न थांबता म्हणत.

असं त्यांचं स्नान आणखी काही वर्षं चाललं. पुढे सपाटीवरही धाप लागू लागली. एका सकाळी ते कॉटवरूनच म्हणाले, "आजपासून माझ्या स्नानाला तूच गंगेची कळशी आण."

पहिल्या दिवशी शाळेची घाई होती. मी सरळ चढून आले. कळशी हिंदकळली, साडी भिजली. घरी पोचले तेव्हा मलाच धाप लागली होती. बाबांनी कळशीत डोकावून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिरकी चढू लागले. पाणी काठोकाठ राहिलं.

"तिरकी आलीस ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"पाणी सांगतंय. आता टाक डोक्यावर, गार होण्याआधी."

गंगेचं पाणी माघात आणखी काय गार होणार? मी त्यांना धरून मोरीपाशी बसवलं आणि कळशी हळूहळू, धार न तोडता, त्यांच्या डोक्यावर रिकामी केली.